शिंतोमुळे रोबो आवडतात? पुरे झालं आता!

मंदार_ओसाका:
कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय की जपानी माणसाला त्याच्या शिंतो धर्मामुळे दगडधोंड्यातही कामी, म्हणजे देव, दिसतो म्हणून रोबो जवळचा वाटतो, आणि निर्मिती हा फक्त देवाचा हक्क असं मानणारा ख्रिस्ती माणूस त्याला घाबरतो. खाली वाहवांचा पाऊस. इथे राहतो म्हणून गप्प बसवत नाही. जपानातल्या सासेबोचं रोबोंनी चालवायचं हेन-ना हॉटेल 2015 मध्ये वाजतगाजत उघडलं, स्वागताला डायनासोर. 2019 मध्ये 243 पैकी निम्म्याहून जास्त रोबोंना नारळ! खोलीतली बाहुली घोरणं म्हणजे प्रश्न समजून पाहुण्यालाच रात्री जागं करायची. तेव्हा कामी कुठे गेले होते? बार्टनेक नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी 2007 मध्ये देशोदेशीच्या लोकांची मतं तपासली, त्यातही जपानी लोक गाजावाजा होतो तेवढे रोबोवेडे निघाले नाहीत.

अवंती_वाचते:
तो धागा माझाच. हॉटेलचा धंदा बुडाला म्हणून श्रद्धा खोटी? सोनीने आपल्या ऐबो या रोबो कुत्र्यांची दुरुस्ती 2014 मध्ये बंद केली. पुढच्याच वर्षी इसुमीच्या कोफुकु-जी देवळात त्यांच्यासाठी मंत्रपठण झालं. मोडक्या सुयासुद्धा ही माणसं टोफूत खोचून निरोप देतात. उलट युरोपात 2012 च्या युरोबॅरोमीटर या जनमत पाहणीत 60 टक्के लोकांनी मुलं, म्हातारे, अपंग यांच्या देखभालीत रोबोंवर बंदीच मागितली.

मंदार_ओसाका:
मंत्र झाल्यावर त्याच कुत्र्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना बसवले, हे सोयीस्करपणे गाळलंत.

अवंती_वाचते:
देहदान करणाऱ्या घरात माया नसते का हो?

चाकणचा_फिटर:
दसऱ्याला आम्ही वेल्डिंगच्या रोबोला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. त्याच रोबोने आमच्या लाइनवरची निम्मी पोरं घरी बसवली. पूजेवरून प्रेम मोजू नका, ताई. आणि कोरियाच्या कारखान्यांत दर 10,000 कामगारांमागे 1,000 च्या वर रोबो आहेत, जपानच्या दुपटीहून जास्त. तिथे कुठला आला शिंतो?

मृण्मयी_कोथरूड:
कारखान्याचं राहू द्या. माझ्या सासूबाईंना विस्मरण आहे, ब्यूरोची बाई दर दोन-तीन महिन्यांनी बदलते, आणि दीर न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर सल्ले देतात. पारो नावाचं जपानी यांत्रिक सील आहे, कुरवाळलं की आवाज करतं. डेन्मार्कच्या वृद्धाश्रमांत ते वापरतात. ल्युथरन, म्हणजे ख्रिस्तीच, देश आहे तो, अवंती.

मंदार_ओसाका:
आता मुद्द्यावर आलात! देवधर्म नाही, माणसं कमी आहेत. जपानने 2008 पासून इंडोनेशियाच्या नर्स आणल्या, पण टिकायचं तर राष्ट्रीय परीक्षा द्या, तीही जपानीत. माणूस आत घ्यायचा नाही आणि यंत्राचं कौतुक करायचं. पण आईच्या मांडीवर खेळणं ठेवून मोकळं होणं मला पटत नाही.

मृण्मयी_कोथरूड:
ओसाकात बसून बरं सुचतं! तुमच्या आईचं कोण बघतं इथे?

मंदार_ओसाका:
वैयक्तिक बोलायचं काम नाही.

मृण्मयी_कोथरूड:
मांडीवरच्या खेळण्यापर्यंत तुम्ही आलात, मी नाही. संध्याकाळी सासूबाई "घरी सोडा" म्हणून दार वाजवतात, स्वतःच्याच घराचं. त्या तासाभरात हातात काहीतरी ऊबदार असेल तर ते कुठल्या धर्माचं हे मी विचारणार नाही.

चाकणचा_फिटर:
किती पडतं ते सील?

मृण्मयी_कोथरूड:
अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या आसपास.

चाकणचा_फिटर:
म्हणजे पाच लाख! तेवढ्यात बाई दीड वर्ष येईल, वर चहाही करेल.

मृण्मयी_कोथरूड:
टिकली तर.

अवंती_वाचते:
डेन्मार्कचं मान्य. पण दादा, ज्याने पोरं घरी बसवली त्यालाच हार घालता, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही.

चाकणचा_फिटर:
हार कंपनीच्या खर्चाने येतो, ताई.

मंदार_ओसाका:
बरं, कुत्र्यांपुरतं अवंतीबाईंचं खरं धरू. हॉटेलचं मात्र मी सोडणार नाही.