मदत हवी आहे: ड्रायसूट, थंड पाणी आणि बुडालेलं जहाज

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. पोहणं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, डायव्हिंग तारकर्लीत. ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय, म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंत जाता येतं.

ऑगस्टमध्ये धाकट्या भावाकडं स्कॉटलंडला चाललोय. तिथं ऑर्कनी बेटांच्या मधोमध स्कापा फ्लो नावाचा समुद्राचा भाग आहे. २१ जून १९१९ ला जर्मन आरमारानं आपलीच जहाजं तिथं बुडवली, एकूण ५२. बरीचशी नंतर वर काढली, सात मोठी अजून खाली आहेत. (‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात, मग बघायलाच पाहिजे ना!) मला त्यातली ‘कोल्न’ ही क्रूझर (एक प्रकारची युद्धनौका) बघायचीय. ती कुशीवर पडलीय, तळ ३५ मीटरच्या आसपास. म्हणून आधी ॲडव्हान्स्ड कोर्स करणारच आहे, त्याची मर्यादा ३० मीटर; तळ नाही, पण जहाजाचा वरचा भाग तरी बघता येईल.

खरी भीती थंडीची. पाणी १३-१४ अंश असतं म्हणे. आमच्याकडं मे महिन्यात नळालासुद्धा चहाचं पाणी येतं! त्यात ड्रायसूट (आत पाणी येऊ न देणारा डायव्हिंगचा सूट) कधी घातला नाही. ऐकलंय की पाय वर गेले तर सूटमधली हवा पायाकडं धावते आणि माणूस उलटा वर जातो. हे वाचून दोन रात्री झोप नाही.

कुणी ड्रायसूट वापरलाय का? किती डाईव्हमध्ये हात बसतो? वजनाचा पट्टा किती वाढवावा लागला? आत लोकरीचं घालायचं की आणखी काही? आणि सराव भारतात कुठं होईल, की थेट तिकडंच करू?

आईला अजून जहाजाचं सांगितलं नाही, तेवढं सांभाळून घ्या.