शब्दचर्चा : ‘हिंग यू हुंग मोउ’ म्हणजे नेमकं किती हलकं?

प्रश्न : कँटोनीज (हाँगकाँग आणि आसपास बोलली जाणारी चिनी भाषा) शिकतेय. एका उताऱ्यात ‘हिंग यू हुंग मोउ’ आलं (फोडणीतल्या हिंगाचा संबंध नाही!). शब्दशः ‘रानहंसाच्या पिसाहून हलकं’. पण हलकं म्हणजे ‘हेंग’ असं शिकले होते. मग इथे ‘हिंग’ कसं? आणि बॅग हलकी आहे हे सांगायला हा वाक्प्रचार चालेल का?

उत्तर : बॅगेला नका लावू, लोक हसतील. हा मरणाचा वाक्प्रचार आहे. चीनमधल्या हान राजवटीच्या काळातला इतिहासकार सिमा च्यान याने रन आन या परिचिताला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय : मरण प्रत्येकालाच आहे, कुणाचं ताइ पर्वताहून जड, कुणाचं पिसाहून हलकं. शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राट वू याने सिमा च्यानला खच्चीकरणाची शिक्षा दिली होती. अशा अपमानानंतर जीव देण्याची रीत होती. हाती घेतलेला इतिहासाचा ग्रंथ पुरा करायचा म्हणून हा जगला, त्याचं हे स्पष्टीकरण. १९४४ साली माओने एका सैनिकाच्या शोकसभेत हेच वाक्य वापरलं, तेव्हापासून ते चीनभर पाठ आहे.

आता हिंग-हेंग. अक्षर एकच, उच्चार दोन : हिंग पोथीतला, हेंग बोलण्यातला. आपल्याकडे ‘लघु’ आणि ‘हलका’ असेच; ‘हलका’ हा ‘लघु’चाच प्राकृतातून घासून आलेला वंशज. पण लघुकथेला हलकी कथा म्हणून बघा, लेखक भांडायला येईल.

प्रश्न : मग क्षुल्लक रकमेला काय म्हणायचं?

उत्तर : ‘गाउ ङाउ यात मोउ’, नऊ बैलांतला एक केस. गंमत म्हणजे हेही त्याच पत्रातून निघालंय. आपण मारलो गेलो तर नऊ बैलांचा एक केस गळाल्यासारखं, मुंगीत आणि आपल्यात फरक काय, असं तो लिहितो. आज मात्र अब्जाधीशाने दिलेल्या देणगीला वगैरे म्हणतात. आपलं ‘दर्यामें खसखस’ इथे चपखल बसतं. ‘कस्पटासमान’ नाही, त्यात तुच्छता येते.

आणखी एक : हाँगकाँगच्या बाजारात यातलं काहीच ऐकू येणार नाही. तिथे किरकोळ गोष्टीला सरळ ‘साप साप सोय’ म्हणतात. अक्षरं बघितली तर ‘ओला ओला चुरा’. आपलं ‘चिल्लर आहे हो’ त्याच्या सर्वांत जवळ.