कंडोम फाटला तर आधी काय, नंतर काय?

पत्रकवाला: कॉलेजच्या रेड रिबन क्लबसाठी एका पानाचं पत्रक करायचंय, वाचणारे १८ ते २२ वयाचे. कंडोम फाटला किंवा आत घसरून राहिला तर एकाच वेळी दोन भीती असतात: दिवस जातील का आणि एचआयव्ही होईल का. गोळीलाही ७२ तास सांगतात, एचआयव्हीच्या औषधालाही ७२, आणि चाचणी म्हणे तीन महिन्यांनी. यात आधी काय करायचं? ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ एवढं आम्हालाही लिहिता येतं, त्यापुढचं सांगा.

काउंटरमागून: सगळ्यात आधी गोळी. आणि ७२ हा आकडा ठळक छापू नका. लोक ती वीजबिलाची शेवटची तारीख समजतात आणि बरोबर तिसऱ्या संध्याकाळी मेडिकलमध्ये उगवतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी असते, चिठ्ठी लागत नाही. ती बीजांड सुटणं लांबवते, बस्स. बीजांड आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही आणि गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही. म्हणून त्याच रात्री घेतलेली गोळी आणि तिसऱ्या दिवशीची गोळी यांत फरक पडतो.

गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं कार्बामॅझेपिन, फेनिटोइन चालू असेल तर गोळीचा जोर कमी पडतो. वजन ७० किलोच्या पुढे असेल तरी तेच. अशा वेळी तांबी (कॉपर-टी) बसवून घेणं उत्तम. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि सरकारी दवाखान्यात फुकट.

नेहमी होणारा घोटाळा असा: गोळीनंतर चार-पाच दिवसांनी थोडा रक्तस्राव होतो, मुली ती पाळी धरतात आणि निर्धास्त होतात. ती पाळी असेलच असं नाही. संबंधाला २१ दिवस झाले की लघवीची कार्ड टेस्ट करायची, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे, साधारण पाच मिनिटांनी वाचायचं. ‘टी’पाशी रेघ फिकट असली तरी ती रेघच. तासाभराने उमटलेली मात्र धरायची नाही. ‘सी’पाशीच रेघ नसेल तर कार्ड बाद. दुसरं असं की बीजांड पुढे ढकललं गेलेलं असतं, त्यामुळे त्याच महिन्यात पुन्हा कंडोमशिवाय संबंध आला तर आधीची गोळी वाचवत नाही.

आयसीटीसी_समुपदेशक: गोळीचं वर आलंच आहे. संसर्गाचं घड्याळ वेगळं चालतं आणि मुलं नेमकी उलटी वागतात: गोळीला उशीर करतात आणि एचआयव्हीची चाचणी दुसऱ्याच दिवशी करून ‘निगेटिव्ह’चा कागद खिशात घालून फिरतात. तो कागद त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, त्याआधीची स्थिती सांगतो.

घाई एकाच गोष्टीची: पेप, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायची औषधं. जोडीदाराला एचआयव्ही असेल आणि त्याचे उपचार नीट चालू नसतील, किंवा त्याची स्थितीच माहीत नसेल, तर पहिल्या काही तासांतच एआरटी केंद्र (एचआयव्हीवर औषधं मिळतात ते) किंवा मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. ७२ तासांनंतर पेप सुरू करत नाहीत. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, २८ दिवस न चुकता. जोडीदार नियमित औषधांवर असेल आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकेही सापडत नसतील, तर संबंधातून एचआयव्ही लागत नाही.

चाचण्यांचं म्हणाल तर ‘सगळं तीन महिन्यांनी’ हे बरोबर नाही. परम्याची (गोनोरिया) लघवीला जळजळ, पू पुरुषांत बहुधा आठवड्याच्या आत दिसतो. क्लॅमिडिया (संबंधातून लागणारा आणखी एक जंतुसंसर्ग) असेल तर तपासणी दोन आठवड्यांनी. एचआयव्हीची अँटिजेनसह लॅबमधली चाचणी सहा आठवड्यांनी भरवशाची, बोटातून रक्त घेऊन केलेल्या साध्या चाचणीला मात्र तीन महिने धरा. पेप घेतलं असेल तर या मुदती औषध संपल्यापासून मोजायच्या. गर्मीची (सिफिलिस) जखम सरासरी तीन आठवड्यांनी येते, दुखत नाही, आपोआप भरते, आणि तिथेच माणूस फसतो, कारण आजार आत चालूच राहतो. गर्मीची रक्तचाचणी, व्हीडीआरएल, तेव्हा आणि पुन्हा तीन महिन्यांनी.

जिल्हा रुग्णालयात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध मोफत. मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून परमा ‘मारण्याचा’ उद्योग नको, परम्याचे जंतू त्याला दाद देत नाहीत. जोडीदारालाही औषध द्यावं लागतं आणि एका डोसचं औषध असेल तर नंतर दोघांनीही सात दिवस संबंध टाळायचे. नाहीतर एकमेकांना परत. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, मराठीतही बोलतात.

स्त्रीरोग_ओपीडी: एक भर. वर लक्षणं आली ती बरीचशी मुलग्यांची. मुलींमध्ये क्लॅमिडिया बहुतेकदा गप्प असतो. अंगावरून पांढरं जाणं, संबंधानंतर डाग, ओटीपोटात दुखणं यांपैकी काही दिसलं तर ठीक, पण काही न दिसणं म्हणजे संसर्ग नाही असं नव्हे. तो वर चढून गर्भनलिकांना व्रण पडले की पुढे गर्भ नळीतच अडकू शकतो.

म्हणूनच गर्भपाताच्या गोळ्या सोनोग्राफीशिवाय घेऊ नयेत. नळीतल्या गर्भावर त्या काम करत नाहीत, रक्तस्राव मात्र होतो, आणि मुलीला वाटतं की झालं. एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, भोवळ: थेट रुग्णालय, तेही त्याच तासाला.

कायद्याचं पत्रकात जरूर टाका. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहितेलाही लागू आहे, गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. १८ पूर्ण असेल तर सही तिची स्वतःची, नवऱ्याची किंवा आईबापांची लागत नाही, नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक.

पत्रकवाला: ज्युनिअरची मुलंही वाचतील. १७ वर्षांची असेल तर?

स्त्रीरोग_ओपीडी: पालकाची संमती लागते आणि पॉक्सोखाली (१८ खालच्यांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनेच मुली भोंदूंकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्या कळवण्यात डॉक्टरला तिचं नाव-पत्ता देण्याची गरज नाही. सगळ्याच डॉक्टरांना हे ठाऊक असतं असं नाही, म्हणून तोंडी विचारायला लावा.

काउंटरमागून: आणि मुळात फाटला का, तेही छापा. खोबरेल तेल आणि व्हॅसलिन लॅटेक्सला काही मिनिटांतच कमकुवत करतात, वापरायची तर पाण्याची जेली. पाकीट दातांनी फाडू नये, पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवू नये, एकावर एक दोन चढवू नयेत. टोक चिमटीत धरून हवा काढल्याशिवाय चढवला तर तिथेच ताण येतो. आणि आत घसरतो तो बहुधा बाहेर येताना, ताठरपणा गेल्यावर, म्हणून त्याआधीच बुडाशी कडा बोटांनी धरून बाहेर यायचं.