वाणिज्य शिकून अवकाश संस्थेत : तुमचे अनुभव लिहा

माझ्या मावसबहिणीला एमबीएच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी तिरुवनंतपुरमच्या इस्रो केंद्रातून बोलावणं आलंय. घरात जो तो विचारतो, "रॉकेटवाल्यांकडे तुझं काय काम?" ती बिचारी गप्प बसते. २०२३ मध्ये मलाही हेच ऐकावं लागलं होतं. म्हणून हा धागा. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकताना कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल, तर जरूर लिहा. बरं-वाईट दोन्ही.

सुरुवात मी करते. मी दोन महिने अहमदाबादला होते. त्याच एप्रिलमध्ये भारतीय अवकाश धोरण जाहीर झालं होतं. खासगी कंपनीला उपग्रह सोडायचा तर इन-स्पेस या तिथल्या सरकारी संस्थेची परवानगी लागते. ती प्रक्रिया समजून घेऊन टिपण लिहायचं, हे माझं काम. पहिल्याच टिपणात मी ठणकावून लिहिलं, कागद फार मागतात, निम्मे कमी करा. माझ्या मार्गदर्शक बाई रागावल्या नाहीत. १९६७ चा बाह्य अवकाश करार आणि १९७२ चा दायित्व करार माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "आधी हे वाच, मग काय काढायचं ते सांग."

दोन दिवस वाचत बसले. उपग्रह कंपनीचा असला, तरी त्याचा तुकडा परदेशात कुणाच्या घरावर पडला, तर भरपाईला भारत सरकार जबाबदार. जमिनीवरच्या नुकसानीत तर चूक कुणाची, हेही सिद्ध करावं लागत नाही. मग कंपनीत पैसा कुणाचा, आयुष्य संपल्यावर उपग्रहाचं काय करणार, असं सगळं का विचारायचं ते उलगडत गेलं. दुसऱ्या टिपणात मी प्रत्येक कागदापुढे तो कुठल्या जोखमीसाठी आहे ते लिहिलं. बाईंनी तो तक्ता पुढच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून घेतला. कॉलेजच्या दोन वर्षांत मला इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

लायडनहून :

माझा जन्म नेदरलँड्सचा, आईबाबा साताऱ्याचे. पासपोर्ट डच म्हणूनच मला युरोपीय अवकाश संस्थेत अर्ज करता आला. नागरिकत्वाची अट आधी बघा, नाहीतर मेहनत वाया जाते. नोर्डवेकच्या एस्टेक या तिच्या तांत्रिक केंद्रात सहा महिने कंत्राटांचं काम शिकलो. आजी दर रविवारी फोनवर विचारायची, "रॉकेट बघितलंस का रे?" रॉकेटं सुटतात फ्रेंच गयानातल्या कुरूहून. नोर्डवेकला उपग्रहांच्या चाचण्या होतात, आणि माझ्या टेबलावर तर फक्त तक्ते होते.

पुरवठादार चांगला हवा आणि स्वस्त हवा, एवढंच मी शिकून गेलो होतो. तिथे तिसरा प्रश्न येतो : तो कुठल्या देशाचा? ज्या देशाने जितका पैसा घातला, साधारण तितक्या किमतीची कामं त्या देशातल्या उद्योगांकडे परत जावी लागतात. सुरुवातीला मला हे पटेना. स्वस्त कंपनी सोडून महागडी का घ्यायची? पण काम परत येणार नसेल, तर छोट्या देशाची संसद पुढच्या वेळी पैसा मंजूर कशाला करेल? आजीला हे सगळं भिशीसारखं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की!"

तिरुवनंतपुरम, निवृत्त :

ताई, मी तिथेच खरेदी विभागात नोकरी केली, तेव्हा बहिणीला हे नक्की सांगा. आमच्याकडे मोठ्या निविदा दोन लिफाफ्यांत यायच्या. तांत्रिक लिफाफा आधी. त्यात जे उतरतील त्यांचाच किमतीचा लिफाफा उघडायचा.

एकदा बी.कॉम. झालेला एक मुलगा शिकायला आला होता. पोलादाची एक प्लेट आम्ही नाकारली, म्हणून तो अस्वस्थ झाला. लांबी, रुंदी, जाडी बरोबर, चाचणीचे आकडेही बरोबर. मग अडलं कुठे? प्लेटवर ठोकलेला हीट नंबर आणि प्रमाणपत्रावरचा हीट नंबर यांत एका आकड्याचा फरक होता. हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेला माल. उद्या एखाद्या भागाला तडा गेला, तर त्याच मालातून आणखी काय काय बनलंय ते या नंबरावरूनच शोधायचं असतं. नंबर जुळत नसेल, तर शोधणार कसं? तो मुलगा त्यानंतर रोज भांडारात जाऊन स्वतः नंबर पडताळायचा.

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटची मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायचं पोलादी कवच, बनली. तिथला कागद टेबलावर आला की गावाचं नाव मी दोनदा वाचायचो.

आणि हो, प्रशासन, लेखा, खरेदी-भांडार या कामांसाठी इस्रो वेगळी भरती करते. शिकून झाल्यावर तिकडेही लक्ष ठेवा.

नाशिकहून :

माझा अनुभव कडू आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. आठ आठवड्यांतले तीन प्रवेशपासची वाट पाहण्यात गेले. फोन दारात जमा, लॅपटॉप नेता येत नाही. शेवटी अहवालातले सगळे आकडे वगळायला लावले आणि कॉलेज म्हणालं, आकड्यांशिवाय अहवाल घेणार नाही. मी रडकुंडीला आले होते.

मग जाहीर माहितीवरचा विषय घेतला : जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह. वजन सुमारे ४,७०० किलो, आणि आपलं एलव्हीएम३ रॉकेट तेव्हा दूरच्या भूस्थिर कक्षेकडे साधारण ४,००० किलो नेत होतं. म्हणून न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवरून सोडला. दुसऱ्याच्या रॉकेटचं भाडं भरावं, की आपलं रॉकेट तेवढं ताकदवान होईपर्यंत थांबावं? थांबलं तर काय गमावतो? यावर चाळीस पानं लिहिली. विषय जाण्याआधीच ठरवा, आणि कॉलेजकडून तो लेखी मंजूर करून घ्या.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने एकूण एक प्रतिसाद वाचलाय. तिला भांडार विभागच मिळालाय! सोमवारी निघतेय. काका, ती विचारतेय, हीट नंबर प्लेटवर नेमका कुठे असतो?

तिरुवनंतपुरम, निवृत्त :

बहुतेक वेळा कोपऱ्याजवळ. रंगाखाली गेला असेल, तर बोटाने चाचपून बघायला सांगा.