कॅमेरा बदलायचाय : पळणाऱ्या कुत्रीवर फोकस बसत नाही, मदत हवी आहे

भिरभिर :
मंडळी, मिररलेस बदलायचा ठरवलाय. स्थिर फोटो झकास येतात, पण आमची कुत्री माझ्याकडे पळत आली की सगळा घोटाळा. काल ६० फोटो काढले, धड ४ आले. बाकीच्यांत मागच्या गवताची काडी न् काडी मोजून घ्या आणि तिचं तोंड मात्र धूसर. ११ वर्षांची झालीये, अशी अजून किती दिवस पळेल माहीत नाही, म्हणून घाई आहे. ऑटोफोकस चांगला असलेली बॉडी सुचवा. सेटिंग सांगत बसू नका, सगळं करून झालंय.

शंकासुर :
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटरस्पीड किती? एक मूळ फाइल टाका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, त्यात माहिती पुसली जाते.

रानवाटा :
सोनी ए६७०० डोळे मिटून घ्या. मी मुलाच्या फुटबॉलला २०१९ पासून ए६४०० वापरतेय. एकदा पोरगं पकडलं की फोकसची चौकट त्याला सोडत नाही. ए६७०० तर प्राणी-पक्षीही ओळखतो.

जुनाखोड :
घ्यायचाच तर फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा घ्या. छोट्या सेन्सरवर पैसे घालवून पुन्हा रडत येतात लोक.

रानवाटा :
@जुनाखोड, फुलफ्रेमचा इथे काय संबंध? फोटोत तेवढंच दृश्य आणि तितकंच ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) ठेवलं तर फुलफ्रेमवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, आणखी कमी मिळते. फोकस चुकला तर उलट जास्त दिसेल.

जुनाखोड :
मी २० वर्षं फोटो काढतोय, मला खोली शिकवू नका. अंधार पडायला लागला की मग कळेल.

पाऊलखुणा :
लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवता ना? माझ्या एका लेन्सला आतून बुरशी धरली होती, सगळे फोटो दुधाळ यायचे.

भिरभिर :
बुरशी नाहीये हो! पॅनासोनिक जी८५, ४०-१५० लेन्स, शटर १/१०००. बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) एचवर, म्हणजे वेगवान, सेकंदाला ९ फोटो घेतो. म्हणजे वेग कमी पडत नाहीये.

शंकासुर :
थांबा. सेकंदाला ९? मग तुमचा फोकस एएफएसवर, म्हणजे एकदाच बसणाऱ्या फोकसवर आहे. जी८५ एएफसीवर (सतत बदलत राहणारा फोकस) सेकंदाला ६ च देतो, ९ फक्त एएफएसला. एएफएसमध्ये पहिल्या फोटोला फोकस ठरतो आणि बटण सोडेपर्यंत तिथेच राहतो. कुत्री पुढे येते, फोकस मागे गवतात. मागे एएफ लॉकच्या बटणाभोवती छोटा खटका आहे, तो बघा. मेनूत नाही, बॉडीवरच आहे.
आणि ४०-१५० कुणाची? ऑलिंपसची?

भिरभिर :
हो, ऑलिंपसची. माउंट (लेन्स बसवायची खाच) एकच आहे ना, काय फरक पडतो?

शंकासुर :
इथे पडतो. जी८५ चा फोकस कॉन्ट्रास्टवर चालतो, म्हणजे चित्र कुठे सगळ्यात ठसठशीत दिसतं ते शोधतो. नुसत्या कॉन्ट्रास्टला वस्तू पुढे आली की मागे गेली ते कळत नाही, लेन्स पुढे-मागे हलवून चाचपडावं लागतं. हे चाचपडणं कमी करायला पॅनासोनिकने डीएफडी आणलं. दोन फ्रेममधल्या धूसरपणाची तुलना करून ते अंतराचा अंदाज बांधतं. पण त्यासाठी लेन्सची माहिती कॅमेऱ्यात आधीच असावी लागते आणि ती फक्त पॅनासोनिकच्या लेन्सची असते. तुमच्या लेन्सवर डीएफडी चालूच होत नाही.

रानवाटा :
म्हणजे बॉडीच बदला, मी तेच म्हणत होते.

शंकासुर :
आधी खटका, मग पॅनासोनिकची लेन्स, मग बॉडी. १० मिनिटांचं काम आहे.

घारनजर :
जी८५ वर ४के फोटो आहे की! सेकंदाला ३० फ्रेम, हवी ती उचलायची.

शंकासुर :
त्या ८ मेगापिक्सेलच्या असतात. आणि फोकस चुकला असेल तर तिसाच्या तीस चुकलेल्या.

घारनजर :
बरं, उडणाऱ्या बगळ्यांसाठी ओएम-१ कॅमेरा कसा आहे? मलाही बदलायचाय.

रानवाटा :
वेगळा धागा काढा हो.

भिरभिर :
खटका खरंच एएफएसवर होता. बॅगेत घासून फिरला असणार, मी दोन महिने मेनूतच शोधत होतो. आज एएफसीवर टाकून, कॅमेऱ्याबरोबर आलेली पॅनासोनिकची १२-६० लावून ५० काढले, १९ नीट आले. ती आडवी पळते तेव्हा जवळपास सगळे. सरळ माझ्याकडे येते तेव्हा शेवटच्या तीन-चार ढांगांत पुन्हा सुटते. आणि १२-६० ला लांबून ती अगदीच चिमुकली दिसते.

शंकासुर :
त्या शेवटच्या ढांगा कॉन्ट्रास्टला झेपत नाहीत. तिथे फेज डिटेक्शन ही फोकसची दुसरी पद्धतच हवी, तिला फोकस पुढे न्यायचा की मागे ते कळतं. याच माउंटमध्ये ऑलिंपस ई-एम१ मार्क २ आहे, २०१६ चा, १२१ फेज फोकस बिंदूंचा, तो वापरलेला मिळतो. नाहीतर पॅनासोनिक जी९ मार्क २, २०२३ चा. दोन्हींवर तुमची ४०-१५० लावून फेज चालेल, लेन्स विकू नका. पण घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा.

रानवाटा :
सोनीही भाड्याने आणून बघा, एवढंच म्हणेन.

भिरभिर :
शनिवारी जी९ मार्क २ आणतोय. ऊन चढलं की ती पळत नाही, त्यामुळे सकाळी सातलाच मैदानावर. फोटो इथेच टाकतो.