चित्राची किंमत: तासांवर नको
चित्राला किती तास लागले त्यावर भाव लावा असं काही जण सांगतात, पण मला नाही पटत, हात बसला की तसंच चित्र निम्म्या वेळात होतं मग काय निम्म्या किमतीला द्यायचं? त्यापेक्षा चौरस इंचाचा दर धरा, १२ बाय १६ म्हणजे १९२ चौरस इंच, ४० रुपयांनी ७६८०, कागद-रंग-फ्रेम वेगळं. वॉटरकलरला फ्रेममध्ये काटकसर नको हां, माउंट (म्हणजे काच न् चित्र यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न लावता काच थेट कागदाला टेकवली की आपल्या कोकणातल्या पावसात आतून बुरशी धरलीच समजा. आणि मालवणात पर्यटकाला एक भाव न् मुंबईच्या गॅलरीत दुसरा असं करू नका, गॅलरीवाले बऱ्याचदा ४०-५० टक्के कापतात, ते पहिल्यापासूनच किमतीत धरा. फारच घासाघीस करणारा आला तर त्याला मूळ चित्राऐवजी प्रिंट, म्हणजे छापील प्रत, दाखवा.