पंधराव्या वर्षाकडे निघालेली थार: तीन लाख घालून ठेवायची की बदलायची?

कातळवाट (दापोली)

२०१२ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. पावणेदोन लाख किमी झालेत. इंजिन ठणठणीत, काळा धूर नाही, तेल पीत नाही. बाकी गाडी मात्र थकली आहे. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेत, पुढचे बॉल जॉइंट आणि बुश संपलेत, हुडाचं कापड विरलंय, क्लच कधीही जाईल, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून सुटलाय. टायर धरून सगळ्याचा अंदाज तीन लाखांच्या घरात जातो. विकली तर चारेक लाख येतील असं दलाल म्हणतो.

वापर असा: घरापासून बागेपर्यंत जांभ्याची वाट, दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचलेले बांध), मध्ये एक पऱ्या (ओढा), तो पावसाळाभर वाहतो. हंगामात आंब्याचे क्रेट, मोहर आला की फवारणीचा पंप आणि टाकी. अधूनमधून ताम्हिणी घाटातून पुणे, सोबत आई.

माझा कल ठेवण्याकडे आहे. घ्यायचीच झाली तर नवी थार, पाच दारांची थार रॉक्स किंवा मारुतीची जिम्नी. विरोधात मत असेल तर आडपडदा न ठेवता लिहा.

सह्यभटक्या (पुणे)

ठेवा. चांगलं चाललेलं इंजिन ही या व्यवहारातली सगळ्यात महागडी वस्तू आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. १०५ अश्वशक्ती आजच्या मानानं कमी वाटते, पण २४७ न्यूटन मीटर टॉर्क आणि लो रेंज (चढा-चिखलासाठीचे जादा ताकदीचे गिअर) असल्यावर बागेच्या वाटेवर आणखी काय लागतं? तुम्ही सांगितलेली सगळी कामं झिजेची आहेत. पाटे, बुश, क्लच हे बदलण्यासाठीच असतात.

शिवाय नव्या डिझेलला २०२० च्या बीएस-सहा प्रदूषण नियमांपासून डीपीएफ हा फिल्टर आलाय. तो एक्झॉस्टमधली काजळी साठवतो आणि गाडी सलग वेगात धावली, तापली, की जाळतो. रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बागेत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ती काजळी जळणार कधी? दिवा लागला की आधी हायवे गाठा. भागलं नाही तर वर्कशॉप.

लोरेंज (ठाणे)

डीपीएफची भीती इथे लागू नाही. ते पुण्याला जातात, दापोली-खेड रस्ताही आहेच. तेवढ्या धावण्यात फिल्टर साफ होतो. आणि सीआरडीई म्हणजे जुनी, साधी, हातोडीनं दुरुस्त होणारी जीप हा समज सोडा. तेही कॉमन रेल इंजिन आहे, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आणि सेन्सरवर चालणारं. डिझेलमध्ये पाणी गेलं तर तेही तितकंच रडवतं. साधं मेकॅनिकल इंजिन डीआय थारमध्ये होतं.

मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ताम्हिणी, पाऊस, आणि गाडीत आई. २०१२ च्या थारमध्ये एकही एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) नाही, मागची बाकं आडवी, एकमेकांकडे तोंड करून. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच. तीन लाखांतला एक रुपयाही यातलं काही तुमच्या गाडीत आणू शकत नाही. पाटे नवे येतील, एअरबॅग येणार नाही. घाटात समोरून ट्रक वळणावर अंगावर आला तर २४७ न्यूटन मीटर काय करणार आहेत?

सह्यभटक्या (पुणे)

सुरक्षेचा मुद्दा मान्य. पण मग तो पुण्याच्या प्रवासाचा मुद्दा झाला, बागेचा नाही. आईंना न्यायला एखादी साधी सेकंडहँड हॅचबॅक घ्या, एअरबॅग आणि एबीएसवाली. नव्या फोर बाय फोरला टॅक्स-इन्शुरन्ससकट १५ लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागणार आहेत. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत थार दुरुस्तही होते आणि घाटासाठी वेगळी गाडीही येते.

ग्रीसगन (चिपळूण)

तुम्ही सगळे इंजिन आणि एअरबॅगवर बोलताय. निर्णय गाडीखाली आहे. पायाखालचा पत्रा गेला असेल तर पत्र्याचं दुःख नको, पत्रा वेल्डिंगनं येतो. तो ज्यावर बसलाय ती चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कशी आहे ते आधी बघा. माझा धंदा हाच आहे. किनाऱ्याच्या गाड्या इंजिन मरायच्या आधी चेसिसनं मरतात.

रॅम्पवर गाडी चढवा. धुवून घ्या, नुसतं वरवर नाही, प्रेशरनं चेसिसच्या आतही पाणी मारा. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या आतून पोकळ असतात, खाली पाणी निचरायला भोकं ठेवलेली असतात. बागेचा चिखल आत जाऊन ती भोकं बुजतात, पाणी आत तुंबतं आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. मग छोटी हातोडी घ्या आणि टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगल्या लोखंडावर टण्ण असा मोकळा आवाज येतो आणि हातोडी उसळते. गेलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि भोकातून तांबूस भुगा गळतो. तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा. आत घुसला तर कळलं.

नीट बघायच्या जागा: पाट्याचे शॅकल (पाटा लटकवायच्या कड्या) जिथे चेसिसला बसतात, मागच्या चाकांच्या वरची कमान, बॉडी माउंटचे (बॉडी जिथे चेसिसवर बसते त्याचे) हात, पुढे टॉर्शन बार (पिळाची स्प्रिंग) जिथे धरलेला असतो ती आडवी पट्टी, आणि स्टिअरिंगजवळची चेसिस. शेवटच्या दोन जागा सोडून बाकी कुठे थोडं गेलं असेल तर कापून नवी पट्टी घालता येते. टॉर्शन बारची पट्टी किंवा स्टिअरिंगजवळची चेसिस गेली असेल तर माझ्याकडे आणलीत तरी मी वेल्डिंग मारणार नाही. तिथे सगळं ओझं त्या एका जागेवर येतं.

हे बघितल्याशिवाय हूड शिवू नका, टायर घेऊ नका. लोक आधी दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे घालतात आणि चेसिस शेवटी उघडतात. तोवर दोन लाख गेलेले असतात, मग कोणालाच माघार घेता येत नाही.

पासिंगवाला (रत्नागिरी)

२०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं. फॉर्म २५ भरून नोंदणी नूतनीकरण, ते पाच वर्षांचं मिळतं. चारचाकीची फी ५,००० रुपये, वर हरित कर. वीस वर्षांपुढची फी २०२५ मध्ये १०,००० झाली. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली म्हणून इथले लोक घाबरून गाड्या स्वस्तात फुंकतात, तसं करू नका. महाराष्ट्रात तो नियम नाही.

पण तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिलनं छाप घेतात. नंबरवर गंज चढून आकडे बुजले असतील तर गाडी धडधाकट असूनही अडते. चेसिस तपासाल तेव्हा तो भाग आधी साफ करून बघा, आणि वेल्डिंगवाल्याला तिथे हात लावू देऊ नका.

अपग्रेडच्या नादात मोठे टायर, उंच सस्पेन्शन, पुढे अख्खा सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल नको असंच सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण जातं.

घाटमाथा (कराड)

नव्यांपैकी जिम्नी लगेच बाद करा, आणि हे मी जिम्नी चालवणारी म्हणून सांगते. गाडी सुंदर आहे. पुढे-मागे सॉलिड एक्सल, लो रेंज, मोकळं फिरणारं चाक ब्रेकनं रोखायची सोय. चिखलात जड गाड्या रुततात तिथून ही अलगद निघते. पण मॅन्युअलचं रिकामं वजन ११९५ किलो आणि भरून जास्तीत जास्त १५४५. उरले ३५०. दोन माणसं बसली की २१० च्या आसपास. फवारणीची २०० लिटरची टाकी भरली की संपलं, पंप कुठे ठेवणार?

कातळवाट (दापोली)

टाकी ५०० लिटरची आहे. पूर्ण भरत नाही, पण निम्म्याच्या वर असते. म्हणजे जिम्नी खरंच नाही.

ग्रीसगन यांचं वाचून टेप घेऊन वाटेवर गेलो, कारण मनात दुसरी शंका आली होती, नवी गाडी वाटेत मावेल का. गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा सहा फूट एक इंच, म्हणजे १८५४ मिमी. माझी थार १७२६, नवी थार १८२०, रॉक्स १८७०. सगळी मापं आरसे सोडून. रॉक्स शिरतच नाही. नवी थार आरसे मिटून, दोन्हीकडे जेमतेम बोटभर जागा ठेवून जाईल, तीही वाट सरळ असती तर. तिथे वळण आहे.

लोरेंज (ठाणे)

गडगा मागे घ्या! सुके रचलेले जांभ्याचे दगड आहेत, चिरेबंदी बांधकाम नाही. दोन गडी लावले तर काम उरकेल. आईच्या सुरक्षेच्या विरुद्ध बाजूला दगडांची रांग ठेवून निर्णय घेऊ नका.

कातळवाट (दापोली)

गडगा सामायिक आहे. पलीकडचा सातबारा चुलत्यांचा. एक दगड हलवायचा म्हटलं तरी मुंबईहून तीन घरं बोलवावी लागतील, आणि ती गणपतीशिवाय एकत्र येत नाहीत.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र पटलं. तिला या गाडीतून ताम्हिणी नको. त्यासाठी सह्यभटक्या म्हणतात तशी वेगळी हॅचबॅक बघतोय. थार फक्त बागेची.

लोरेंज (ठाणे)

मग माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा असा: चेसिस खराब निघाली तर त्याच दिवशी विकायला काढा. "एवढी वर्षं साथ दिली" म्हणून पट्ट्या मारत बसू नका. आणि घेणाऱ्याला गंज दाखवून विका, रंग मारून नाही.

घाटमाथा (कराड)

आणि बागेच्याच कामाला ठेवायची असेल तर बोलेरो कॅम्पर फोर बाय फोरचाही विचार करा, पुढे माणसं, मागे माल. मालवाहू पासिंग आणि वारंवार फिटनेस हा त्रास आहे, पण ५०० लिटरची टाकी तिथे खरी बसते. रुंदी मात्र आधी त्याच टेपनं मोजा.

ग्रीसगन (चिपळूण)

कॅम्परचं नंतर बघू. आंबा उतरला की पावसाच्या आधी गाडी आणा, पाऊस लागल्यावर चेसिस वाळत नाही आणि वेल्डिंगही नीट धरत नाही. येताना टाकी, पंप, क्रेट सगळं उतरवून रिकामी आणा. चेसिस चांगली निघाली तर क्रम असा ठेवू: आतला चिखल, निचऱ्याची भोकं, आत मेण आणि बाहेर अंडरकोट, मग बॉल जॉइंट, बुश आणि ब्रेक, मग पाटे, क्लच. पत्रा त्यानंतर. हूड पुढच्या वर्षी शिवला तरी चालेल.